जाड राहते, बारीक जाते

१

शुक्रवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची एक भिंत अर्धी पाडून झाली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यातून कण्हल्यासारखा आवाज आला. मुकादमानं आरडाओरडा करून माणसं बाहेर पिटाळली, पण एक गवंडी मागे राहिला आणि छताचा तुकडा त्याच्या पायावर पडला. नडगीचं हाड मोडलं. संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले, वरची पुस्तकं खाली उतरली, आणि मग झाला प्रकार सगळ्यांच्या ध्यानात आला. पाडायची भिंत ठणठणीत उभी होती आणि राखायची भिंत पाडली गेली होती.

शनिवारी दुपारी भाची दारात उभी राहिली तेव्हा आत्या आपली पेनं धूत बसली होती. चपट्या डब्यातली शाईची नऊ पेनं, प्रत्येकाच्या टोपणावर वेगळ्या रंगाची पट्टी. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दर शनिवारी ती धुऊन, पुसून, शाई भरून ठेवायचा तिचा नेम होता. शेजारीण म्हणायची, हिला कुणी नाही म्हणून पेनांना आंघोळ घालते. आत्याला ते मान्य होतं. पेनं निदान उलट उत्तर देत नाहीत, असं तिचं मत होतं.

"आत्या, नकाशा माझा होता," भाची म्हणाली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

आत्यानं चपलेकडे पाहिलं.

"साहेबांनी पत्र टाइप करून ठेवलंय. नकाशातली चूक माझी आहे, असं. सोमवारी अकराला ग्रंथालयाचे अध्यक्ष येणार, त्यांच्यासमोर सही करायची. सही केली की मला कोणी पेन्सिलसुद्धा हातात धरू देणार नाही."

"चूक केलीस का तू?"

"नाही." मग ती पुढे म्हणाली, "म्हणजे, शुक्रवारी दुपारपर्यंत नव्हती केली. आता सगळे इतक्या ठामपणे सांगतायत की मलाच वाटायला लागलंय, केली असेन."

हे ऐकून आत्याला राग आला. तिनं पेनं बाजूला सारली.

भाचीनं दोन नकाशे पसरले. एक साइटवरचा, मुकादमाच्या हातातला. दुसरा तिनं सकाळी आपल्या कॉम्प्युटरवरून त्याच फाइलचा काढलेला. साहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात पाडायच्या भिंतीला तुटक रेघा चालत नसत. शाईच्या जमान्यात वेळ वाचावा म्हणून साहेबांनीच नियम घातला होता, राखायची भिंत जाड आणि पाडायची बारीक. 'जाड राहते, बारीक जाते' हे शिपायापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. भाचीच्या नकाशात राखायची भिंत जाड होती. साइटवरच्या नकाशात तीच बारीक होती आणि पाडायची मात्र गुटगुटीत काळी.

"तुमच्या कॉम्प्युटरवर रंग असतात ना गं, जाडी नसते?"

"हो. पडद्यावर रंग. छापताना सगळं काळं होतं, आणि कुठल्या रंगाची रेघ किती जाड उमटायची ते जाडीच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. साहेब म्हणतात, तू भिंतींना उलटे रंग दिलेस आणि नंतर गुपचूप फाइल सुधारलीस."

आत्यानं डब्याच्या झाकणातून भिंग काढलं आणि तिचं जाडीमाप काढलं. जाडीमाप म्हणजे पारदर्शक पट्टी, तिच्यावर पॉइंट तेरा मिलिमीटरपासून सगळ्या जाडीच्या रेघा. पट्टी रेघेवर ठेवायची, जुळेल ती जाडी. भाचीच्या नकाशात राखायची भिंत पॉइंट पाच होती, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि पाडायची पॉइंट अठरा, त्याच्या निम्म्याहून बारीक. मग ती साइटवरच्या नकाशाकडे वळली. राखायची पॉइंट अठरा. पाडायची तिनं तीनदा मोजली.

"रंग उलटे झाले असते तर इथे पॉइंट पाच यायला हवी होती, बरोबर?"

"बरोबर."

"ही पॉइंट सात आहे."

भाचीनं पट्टी ओढून घेतली. "शक्यच नाही. आमच्या तक्त्यात पॉइंट सात कुठल्याच रंगाला नाही!"

"म्हणजे तू नाहीस," आत्या म्हणाली. "आता चप्पल काढ आणि मला सांग, ही रेघ आली कुठून?"

२

रविवारी सकाळी मुकादम टेकूंच्या जंगलात उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"पहिला नकाशा बुधवारी आला होता," तो म्हणाला. "गुरुवारी पाण्यात पडून त्याचा लगदा झाला. मी ग्रुपवर मेसेज टाकला, उद्या काम सुरू करतोय, दुसरी प्रत द्या. कोणी उत्तर दिलं नाही. शुक्रवारी सकाळी वॉचमनच्या स्टुलावर पाकीट होतं. कोणी ठेवलं, त्यानं पाहिलं नाही."

"पहिला नकाशा तुम्ही बघितला होतात. फरक जाणवला नाही?"

"बाई, माझ्याकडे तीन कामं चालू आहेत. हातात नकाशा असताना डोक्यातलं कोण आठवत बसतं?"

"ही भिंत गेली की तुमच्या गाड्यांना सरळ वाट मिळत होती, असं ऐकलं," आत्या अगदी सहज म्हणाली.

मुकादमाचा चेहरा लाल झाला. "माझा माणूस दवाखान्यात पडलाय. दहा वर्षं माझ्याकडे आहे. वाटेसाठी मी त्याचा पाय मोडला म्हणता?"

"नाही म्हणत. विचारलं."

तिनं पिशवीतून साइटवरचा नकाशा काढला आणि उजव्या हाताचा खालचा कोपरा दाखवला. तिथला बोटाच्या पेराएवढा त्रिकोण नव्हता. "हा इथे फाटला का?"

"फाटला कुठला? पाकिटातून काढला तेव्हाच तसा होता. चारी कडाही कापलेल्या होत्या. तुमचं ऑफिस इतकं नटवून नकाशे पाठवत नाही कधी."

आत्यानं भिंग लावलं. कापलेली कड सरळ होती, धारदार ब्लेड आणि स्टीलची पट्टी लावून कापलेली. कोपरा कापताना नकाशाच्या चौकटीचं टोकही गेलं होतं. ते पाहून तिच्या मनात पाल चुकचुकली.

"छापताना कडेला बारीक अक्षरांत वेळ आणि मशीनचं नाव उमटतं," भाची हळूच म्हणाली. "तीच कड गेली. कोणीतरी मुद्दाम कापली, आत्या."

"कापली खरी," आत्या म्हणाली. "पण मुद्दाम कापली असं समजू नकोस."

३

भाचीच्या शेजारी बसणाऱ्या पोराला ऑफिसात 'शॉर्टकट' म्हणत. कॉम्प्युटरवर जे काम इतरांना दहा बटणांत व्हायचं ते तो दोन बटणांत करायचा, आणि पायऱ्याही तशाच उतरायचा. भाचीची खुर्ची रिकामी झाली तर ती त्यालाच मिळणार होती. ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती, म्हणून रविवारी ऑफिसात बोलावल्यावर तो आधीच फुरंगटून आला.

"मला वाटलं हिनं प्रत पाठवली," तो म्हणाला. "मी साडेपाचला गेलो. मेसेज पाहिला, पण नकाशा हिचा, मी कशाला हात लावू?"

"आणि मला वाटलं यानं पाठवली," भाची म्हणाली. "मी पाचलाच निघाले होते."

"जाडीचा तक्ता कोणी केलाय?" आत्यानं विचारलं.

"मीच. चार वर्षांपूर्वी, नव्या मशिन्स आल्या तेव्हा."

"दाखव."

त्यानं नकाशाची फाइल उघडली. काळ्या पडद्यावर राखायची भिंत लालभडक होती, पाडायची निळी. "लाल डोळ्यांत भरतो, म्हणून महत्त्वाच्या भिंतींना लाल आणि लालला पॉइंट पाच. निळ्याला पॉइंट अठरा. सोपं आहे."

आत्या पडद्याकडे बघतच राहिली. मग तिनं पिशवीतून पेनांचा डबा काढला, लाल पट्टीचं पेन निवडलं आणि कानाशी धरून हलवलं. आतलं बारीक वजन खुळखुळलं.

"या पेनानं रेघ जाड येईल की बारीक?"

शॉर्टकटनं पेन हातात घेऊन उलटसुलट केलं. "लाल ना? जाडच."

"तुला काय वाटतं?" तिनं भाचीला विचारलं.

"जाड."

आत्यानं कागद ओढून लाल पट्टीच्या पेनानं रेघ मारली. केसासारखी बारीक रेघ उमटली. मग निळ्या पट्टीच्या पेनानं दुसरी मारली, ती टपोरी आली. जाडीमाप लावायची गरजही नव्हती, पण तिनं लावलं. लाल पॉइंट अठरा, निळी पॉइंट सात.

"ही पट्ट्यांची पद्धत कारखान्यातूनच यायची. लाल बारीक, पांढरी त्याहून जाड, मग पिवळी, तपकिरी, निळी. वीस-बावीस वर्षं आम्ही टोपणाचा रंग बघून पेन उचलायचो." तिनं दोन्ही टोपणं घट्ट बसवली. "साइटवरचा नकाशा या पेनांच्या हिशेबानं छापला गेलाय. तुमच्या दोघांच्या डोक्यात हा हिशेबच नाही. तुम्ही ठरवून लबाडी करायला बसलात तरी निळ्याला पॉइंट सात देणार नाही."

शॉर्टकटचा जीव भांड्यात पडला. "मग असा तक्ता बनवला कोणी?"

आत्यानं डबा बंद केला.

"मी," ती म्हणाली.

४

पंधरा वर्षांपूर्वी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा जाडीचा तक्ता तिनंच भरला होता. पेनांच्या पट्ट्या बघून एकेक रंग आणि एकेक आकडा. नाव दिलं होतं 'ऑफिस'. कुठला रंग का, हे तिनं कधीच कुठे लिहून ठेवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी ती या कॉम्प्युटरांवर इतकी वैतागलेली होती की किल्ल्या ठेवल्या, डबा उचलला आणि निघाली. पुढच्यांना काय ते बघून घेऊ दे, असं मनात म्हणाली होती. तो गवंडी आता प्लास्टरमध्ये पाय घालून पडला होता, आणि आत्याला स्वतःची लाज वाटली.

"पण मी तुमचा तक्ता काढून टाकला होता," शॉर्टकट म्हणाला. "नाव तेवढं साहेबांनी बदलू दिलं नाही. नवीन तक्ताही 'ऑफिस'च, आणि छापताना त्या मशीनवर त्या नावाचा जो असेल तोच लागतो."

"सगळ्या मशिन्सवरून काढलास?"

 तिघांनीही साहेबांच्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. आतला कॉम्प्युटर जुनाच होता. माझं मशीन तेवढं राहू द्या, मी काय नुसती पत्रं लिहितो, असं साहेब म्हणाले होते.

संध्याकाळी आत्या साहेबांच्या घरी गेली. एकतीस वर्षं तिनं त्यांच्याकडे नोकरी केली होती. तिच्या भावाच्या आजारपणात चार महिने कामावर गेली नव्हती, तेव्हा तिचं टेबल त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. तो भाऊ म्हणजे भाचीचा बाप. त्यामुळे जिना ती सावकाश चढली.

"गुरुवारी संध्याकाळी तुम्ही ऑफिसात होता का, साहेब?"

"सहालाच घरी आलो." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "बाई, पोरीला सही करू दे. सहा महिने घरी बसेल, मग मी बघतो काहीतरी. पुढच्या वर्षी मी ऑफिस सोडणार. आता या वयात माझ्या नावाला…" 

"तुम्हाला काही सांगायचं असेल तर उद्या अकरापर्यंत वेळ आहे," आत्या उठत म्हणाली.

"मला काय सांगायचं असणार?"

दाराशी ती थांबली. "तुमचं ब्लेड अजून टेबलावरच असतं का हो?"

"कुठलं ब्लेड?" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्नाचा रोख कळला नव्हता, आणि आत्याला तेच हवं होतं.

५

सोमवारी अकरा वाजता केबिनमध्ये सहा माणसं दाटीवाटीनं जमली. अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, ते वही-पेन्सिल घेऊन आले होते. मुकादम दाराला टेकून उभा होता. पत्र साहेबांच्या समोर होतं आणि सहीची जागा भाचीच्या बाजूला वळवलेली होती.

"सहीच्या आधी एक नकाशा छापायचाय," आत्या म्हणाली. "हिचीच फाइल, पण या केबिनमधल्या मशीनवरून."

"त्याची काय गरज?" साहेब म्हणाले.

"मला बघायला आवडेल," अध्यक्ष म्हणाले.

शॉर्टकटनं बटणं दाबली. बाहेरच्या खोलीत छापायचं यंत्र घरघरलं. तो कागद घेऊन आला, तसा आत्यानं तो साहेबांच्या पुढ्यात सरळ पसरला आणि पाठ फिरवून अध्यक्षांना पेनं दाखवू लागली. लाल कशी बारीक, निळी कशी जाड, नव्या पोरांनी लाल जाड का केली, सगळं सावकाश, एकेक टोपण उघडून. अध्यक्षांनी शंका विचारल्या. तिनं एकूण एक शंकेचं उत्तर दिलं, गरज नसलेल्याही. पाच मिनिटं तरी गेली असतील.

मग ती बोलायची थांबली. खोलीत नुसता ब्लेडचा आवाज येत होता.

साहेबांच्या डाव्या हाताखाली स्टीलची पट्टी होती. वरची कड झाली होती, बाजूच्या झाल्या होत्या. आपण काय करतोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. घाबरलेला माणूस बोटं मोडतो, तसे ते कागद कापत होते. सगळे बघत असतानाच त्यांनी पट्टी उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर तिरपी ठेवली आणि तो त्रिकोण सपकन उडवला.

"साहेब," आत्या हळू आवाजात म्हणाली, "एकतीस वर्षं मी सांगत आले, कोपरा कापू नका, चौकटीचं टोक जातं. तुम्ही म्हणायचात, न कापला तर साइटवर दुमडतो."

तिनं साइटवरचा नकाशा शेजारी ठेवला. दोन्हीकडे तोच तिरपा कोपरा, तेच गेलेलं टोक. अध्यक्षांनी स्वतः जाडीमाप लावलं. राखायची पॉइंट अठरा. पाडायची पॉइंट सात. दोन्हीकडे.

"कड लपवायला कापली नव्हती," आत्या म्हणाली. "गुरुवारी तुम्हाला लपवायचं काही नव्हतंच. मुकादमाचा मेसेज पाहिलात, पोरं निघून गेली होती, काम अडू नये म्हणून स्वतः छापलात, सवयीनं कापलात आणि जाताना वॉचमनच्या स्टुलावर ठेवलात. तिथवर ती नुसती चूक होती."

साहेबांनी ब्लेड खाली ठेवलं. "चष्मा घरी राहिला होता," ते म्हणाले. "रेघा नीट बघितल्या नाहीत. शुक्रवारी टेकू लावताना नकाशा हातात घेतला आणि काय झालंय ते कळलं. सांगणार होतो. शनिवारी सांगणार होतो."

"शनिवारी तुम्ही पत्र टाइप केलंत," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्यासमोर रडले, साहेब. तुम्ही मला पाणी दिलंत, आणि मग सहीची वेळ सांगितलीत."

 मुकादमानं तोंड फिरवलं. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६

अध्यक्षांनी वही मिटली. "पत्र मला लागेल," ते म्हणाले. "पण खरं."

साहेबांनी टाइप केलेला कागद उलटा केला. कोरी बाजू वर आली. त्यांनी इकडेतिकडे चाचपलं. "बाई, पेन?"

आत्यानं डबा उघडून समोर धरला. साहेबांचा हात न बघताच लाल पट्टीकडे गेला, आणि तिनं डबा थोडा मागे घेतला.

"ते नको. त्यानं कोणाला वाचता येणार नाही."

तिनं निळ्या पट्टीचं पेन काढलं, कानाशी हलवलं आणि त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी लिहिलं. साइटवरचा नकाशा गुरुवारी मी छापला, न तपासता दिला, आणि नंतर खोटं बोललो. नकाशा काढणारीची काही चूक नाही. अक्षरं जाड, काळी उमटली. खाली त्यांनी पूर्ण नाव घालून सही केली.

ते पेनाला टोपण घालणार तोच आत्यानं पेन काढून घेतलं.

"तुझं काय त्यात?" भाची म्हणाली.

"तक्ता माझा होता," आत्या म्हणाली. साहेबांच्या सहीखाली तिनं लिहिलं, जुना जाडीचा तक्ता मी बनवला, तो कशावरून बनवला हे पुढच्यांसाठी लिहून ठेवलं नाही. मग तिनंही सही केली, त्याच पेनानं, त्याच जाडीची.

मुकादम पुढे आला. "गवंड्याला दाखवायला याची एक प्रत मिळेल का?"

"वाळू दे आधी," आत्या म्हणाली. "जाड रेघेची शाई लवकर वाळत नाही."

तिनं पत्र भाचीकडे दिलं. शाई वाळेपर्यंत भाची ते दोन्ही हातांनी आडवं धरून उभी राहिली.